कोंबड्यांखाली काय घालावं

शेड बंद झाली त्या दिवशी मालकांनी आमच्या ह्यांना विचारलं, "बावीस वर्षं काढलीत इथे, आठवण म्हणून काय देऊ?" माणसं अशा वेळी घड्याळ मागतात, पंखा मागतात. ह्यांनी चार कोंबड्या मागितल्या. दुपारी चारच्या सुमारास मी शाळेतून येऊन चहा टाकत होते, तर हे दारात उभे. दोन्ही हातांत एकेक खोका, खोक्यांना पेन्सिलीने पाडलेली भोकं, आणि चेहरा चोरी करून आल्यासारखा.

"हे काय?" मी विचारलं.

"शेवटच्या पिंजऱ्यातल्या आहेत."

"ते ठीक आहे हो. पण इथे कशाला?"

"बाकीच्या सगळ्या ट्रकमध्ये भरल्या. मीच भरल्या. ह्या चार राहिल्या आणि हातच चालेना."

एवढं बोलून ते मागच्या अंगणात गेले. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण "हात चालेना" हे ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ट्रक कुठे गेला हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. म्हणून पुढचे चार-पाच प्रश्न मी गिळले. माझ्या स्वभावाला ते सोपं नाही.

ह्यांचं काम अंडी उचलण्याचं. लांबलचक शेड, तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगा, त्यात चार हजार कोंबड्या. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा हातगाडी ढकलत रांगेतून जायचं, पिंजऱ्यांच्या पुढच्या पन्हळीत आलेली अंडी ट्रेमध्ये ठेवायची. एका हाताने तीन उचलत, न बघता. घरी सुद्धा बोलताना ह्यांची बोटं ताटाच्या कडेवरून फिरत राहायची.

खोके उघडले तेव्हा मी जरा मागेच सरकले. कोंबडी म्हणजे लाल तुरा, डौलदार शेपूट असं आपलं चित्र असतं. ह्या चौघी वेगळ्याच होत्या. तुरे फिके आणि एका बाजूला लोळलेले, चोचीची टोकं लहानपणीच कापलेली, नखं वाढून वाकडी झालेली. एकीची मान पिंजऱ्याच्या तारेला घासून पार उघडी पडली होती. तिचं नाव मी तिथल्या तिथे ‘टकली’ ठेवलं. हे म्हणाले, "असं काय म्हणतेस?" पण दुसऱ्या दिवसापासून स्वतःही तेच म्हणायला लागले.

चौघींपैकी कोणीही खोक्यातून बाहेर येईना. ह्यांनी एकेकीला उचलून फरशीवर ठेवलं, तर त्या ठेवल्या जागी उभ्या. पाय उचलायच्या आणि परत तिथेच ठेवायच्या. जन्मात पायाखाली तारेशिवाय काही आलं नव्हतं त्यांच्या. मला ह्याचं फार नवल वाटलं. कोंबडीला जमीन माहीत नसते असंही असू शकतं?

आता मुख्य अडचण. आमचं घर भाड्याचं. वर घरमालकीणबाई राहतात आणि त्यांची खिडकी बरोबर आमच्या अंगणावर उघडते. बाईंनी तीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वास तपासायचं काम केलं. तयार होणाऱ्या प्रत्येक साबणाचा वास आधी त्यांच्या नाकाखालून जायचा आणि त्यांनी मान हलवली तरच तो पुढे सरकायचा. असं नाक वरच्या मजल्यावर असताना खाली कोंबड्या ठेवायच्या म्हणजे चेष्टा नव्हे. आमच्याकडे डाळीला फोडणी जरा जास्त झाली तरी बाई जिन्यातून म्हणतात, "मोहरी जळली वाटतं."

त्या संध्याकाळीच त्या खाली आल्या. चौघींकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी ट्रकचं सगळं खरं खरं सांगितलं. बाई तशा वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "एक महिना देते. एक तारखेला मी स्वतः येऊन वास घेईन. वास आला तर मात्र कोंबड्या जातील. कुठे न्यायच्या ते तुम्ही बघा."

न्यायला दुसरी जागा नव्हती. बाजारातला कोंबडीवाला तेवढा होता, आणि तिथे नेण्यात आणि ट्रकमध्ये भरण्यात काय फरक? हे बाईंना "बरं" म्हणाले आणि त्या रात्री नीट जेवले नाहीत. "चारच तर आहेत," असं दोनदा म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे.

दोन दिवसांत ह्यांनी खुराडं बांधलं. जुन्या खोक्यांच्या फळ्या, एक प्लायचा तुकडा, जाळी. आडव्या कपाटाएवढं, चार पायांवर उभं, पुढे दार. मोजपट्टी घरात असताना सगळं नजरेने केलं आणि झाल्यावर मागे सरून, एक डोळा मिटून बघत म्हणाले, "एकदम सरळ."

"आत काय घालायचं?" मी विचारलं.

"आत म्हणजे?"

"त्यांच्या पायाखाली."

त्यांनी आतल्या प्लायवर हात फिरवून बघितला. शेडमध्ये पायाखाली तार, घाण तारेतून खाली पडणार, ती उपसायला दुसरी माणसं. बावीस वर्षं कोंबड्यांत काढलेल्या माणसाला कोंबड्यांखाली काय घालतात हे माहीत नव्हतं. मला आधी हसू आलं, मग मात्र अंगात उत्साह संचारला. कारण हा प्रश्न माझ्या प्रांतातला होता.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. एकोणीस वर्षं. प्रयोगाची मांडणी मी करायची, निष्कर्ष सरांनी काढायचा, आणि परीक्षानळ्या परत मीच घासायच्या. एकोणीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही की बाई, तुम्हाला काय वाटतं? आता पहिल्यांदा माझा स्वतःचा प्रयोग होता, त्यात सर नव्हते, आणि निष्कर्ष मी काढणार होते.

मुरंब्याच्या पाच बरण्या घेतल्या. एकीत वर्तमानपत्राच्या पट्ट्या, दुसरीत वाळू, तिसरीत सुताराकडचा लाकडाचा भुसा, चौथीत पेंढा, पाचवीत गिरणीतून आणलेलं भाताचं तूस. प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली. सारखंच पाणी ओतलं आणि किती वेळात मुरतं, किती वेळात वाळतं, हे वहीत लिहिलं. मग प्रत्येक बरणीत कोंबड्यांची ताजी देणगी चमच्याने मोजून घातली आणि बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडल्या.

"तिथे?" हे म्हणाले.

"ऊन तिथेच येतं."

"तो चमचा..."

"तो आता कोंबड्यांचा."

चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ एकेका बरणीत नाक घालत होते. मजा अशी की प्रत्येक वस्तूचा स्वभाव निराळा निघाला. कागद पाणी पटकन पितो आणि मग लगदा होऊन बसतो. वाळू पाणी पीतच नाही, नुसतं खाली जाऊ देते, पण वाळते सगळ्यांत लवकर. भुसा भरपूर पितो, मात्र बरणी हलवली की त्याची धूळ उडते आणि घशात खवखवतं. पेंढा वरून कोरडा दिसतो आणि पोटात कुजत असतो. तूस मला सगळ्यांत आवडलं. हलकं, मोकळं, बोटांतून घरंगळणारं, घाणीला चहूबाजूंनी वेढून कोरडं करणारं. चौथ्या दिवशी तुसाच्या बरणीला जवळजवळ वासच नव्हता. मी वहीत लाल शाईने निष्कर्ष लिहिला.

पण ह्यांना घाई झाली होती आणि त्यांनी तोवर खुराड्यात कागद घालूनही टाकला होता. "आधी घरात आहे ते तर वापरू," म्हणाले. तिसऱ्या दिवशी कागदाचा सगळा लगदा दाराशी येऊन साचला आणि मागची प्लाय उघडी पडली. वरून आवाज आला, "शाई आणि अमोनिया!"

गिरणीत तुसाचं अख्खं पोतं मिळायला वेळ होता, म्हणून तोवर हाताशी येईल ते घालायचं ठरलं. मग वाळू घातली. दोन घमेली. सुरुवात झकास झाली. कोंबड्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पायाने उकरून बघितलं. एकीने जरा उकरलं, थांबली, आपल्याच पायाकडे बघितलं, परत उकरलं. मी शाळेला उशिरा गेले त्या दिवशी. पण चार दिवसांत वाळूचा दाराशी ढीग आणि मागे परत प्लाय. ढिगात त्यांच्या भांड्यातलं सांडलेलं पाणी मुरलेलं, त्यातून उग्र वास. बाई वरून म्हणाल्या, "आज वाळू ओली आहे." मी वर बघून हात जोडले.

भुसा दोन दिवसही टिकला नाही. चौघी शिंकायला लागल्या. कोंबडी शिंकते हे मला माहीत नव्हतं; अगदी माणसासारखं मान झटकून शिंकते. पेंढ्याची तर सबंध चटईच्या चटई दाराकडे सरकत आली आणि तिच्याखाली जे काही साचलं होतं ते इथे सांगत नाही.

आणि मग माझं तूस. माझं लाल शाईतलं तूस. मी स्वतः पोतं आणून चार बोटं जाडीचं पसरलं, हाताने सारखं केलं आणि दार लावलं. दोन दिवसांनी सकाळी ह्यांनी दार उघडलं तर निम्मं तूस भसकन त्यांच्या पायावर. मागचा अर्धा भाग साफ उघडा, पुढे ओला थर. टकली मागच्या कोपऱ्यात प्लायवर नखं रोवून उभी आणि तिचा एक पाय दुखावलेला.

"तुझं तूस," हे म्हणाले.

"तुमच्या कोंबड्या!" मी म्हटलं. "मुद्दाम ढकलतात त्या पुढे. बरणीत काय छान होतं."

"मग बरणीत ठेव त्यांना."

आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं तुम्हाला माझ्या प्रयोगाची किंमत नाही. ते म्हणाले मला प्रयोग नको, कोंबड्या हव्यात. वरची खिडकी अर्धी उघडी होती ती हळूच बंद झाली. एक तारखेला नऊ दिवस उरले होते. हे पायरीवर बसून पायावरचं तूस झटकत राहिले आणि म्हणाले, "कोंबडीवाल्याला विचारून ठेवतो. निदान दुसऱ्या कोणाच्या हातून नको." तेव्हा मात्र माझा पारा उतरला. हा माणूस परत एकदा स्वतःच्या हाताने चार कोंबड्या नेऊन देणार, आणि मी इथे तुसाची बाजू घेऊन भांडतेय!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. हे बाहेर गेले होते. कोंबडीवाल्याकडे असतील ह्या विचाराने माझं कशातच लक्ष लागेना. मी खुराडं पूर्ण रिकामं केलं, प्लाय धुतली, वाळवली आणि दारासमोर स्टूल टाकून वही घेऊन बसले. ठरवलं, आता काही घालायचं नाही. नुसतं बघायचं. त्या ढकलतात कशा, ते तरी कळू दे.

तासभर काहीच झालं नाही. तिघी दाणे टिपत होत्या. टकली मागच्या भिंतीला चिकटून बसली, अस्वस्थ झाली, जरा उठून वाकली, आणि अंडं पडलं. मी इतक्या जवळून हे कधी बघितलं नव्हतं. अंडं प्लायवर पडलं, क्षणभर थांबलं आणि निघालं. गोल गोल फिरत, अजिबात घाई न करता, थेट माझ्याकडे. दाराच्या पट्टीला टेकून थांबलं. टकलीने मागे वळून काही पाहिलं नाही. ती ओरडली, कोंबड्या अंडं घातल्यावर ओरडतात तशी, आणि दाणे टिपायला गेली.

मी अंडं उचलून परत मागच्या भिंतीशी ठेवलं. ते परत आलं. डाव्या कोपऱ्यात ठेवलं. तिथूनही आलं. मी वही बंद केली. पाच बरण्या, चार दिवस, लाल शाई! सगळं स्वयंपाकघराच्या सपाट खिडकीत केलं होतं मी. खुराड्याची जमीन सपाट आहे की नाही हे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सर असते तर म्हणाले असते, बाई, मांडणी चुकली.

हे आले तेव्हा मी स्टुलावरूनच म्हटलं, "अहो, ही जमीन उतरती आहे."

"छे. सरळ आहे. मी बघून केली."

"इकडे या. हात असा दारात धरा."

ते वाकले. मी बाजूच्या फटीतून अंडं मागच्या भिंतीशी ठेवलं आणि सोडलं. ते त्या वेळी माझ्याकडेच बघत होते, काहीतरी बोलतही होते. अंडं घरंगळत आलं आणि त्यांच्या बोटांनी ते बरोबर उचललं. त्यांनी खाली बघितलंही नाही. मग आपल्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते बोलायचे थांबले.

"परत कर," म्हणाले.

मी परत केलं. परत हातात.

"पण जमीन अशीच असते ना गं," ते हळूच म्हणाले. "पिंजऱ्याची. मागून पुढे उतार. नाहीतर अंडं हातात येणार कसं?"

"हात आत घालायचा."

ते खाली बसले. मागचे पाय त्यांनी पुढच्यांपेक्षा चार बोटं उंच केले होते, आणि करताना त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बावीस वर्षं उतरती जमीन बघून बघून त्यांच्या डोळ्याला तीच सरळ वाटत होती. कागद, वाळू, भुसा, पेंढा, तूस, कोणाचाच दोष नव्हता. कोंबड्या उकरत होत्या, आणि उकरलेलं उताराने पुढे येत होतं, पाणीही पुढेच येत होतं. मी हसणार होते, पण त्यांच्याकडे बघून हसू आलं नाही. वाईट वाटलं. माणसाच्या डोळ्यात इतकी वर्षं कोणी पाचर मारून ठेवावी आणि त्याला पत्ताही नसावा.

पुढच्या दोन पायांखाली फळीचे तुकडे सारायला घेतले. एक सारला, दुसरा सारला. हे म्हणाले, "बस, आता मागे कललं."

"नाही कललं."

"मला दिसतंय ना."

मी आतून बाटली आणली, अर्धी पाण्याने भरली आणि प्लायवर आडवी ठेवली. पाणी अजून दाराकडेच जास्त होतं. आणखी एक तुकडा सारला. बाटलीतलं पाणी दोन्हीकडे सारखं झालं. हे चारही बाजूंनी फिरून आले, मग खाली बसून पाहिलं. "वाकडं दिसतंय," म्हणाले. "अगदी वाकडं. पण राहू दे. बाटलीचं खरं धरू."

त्यानंतर बिछाना घालताना आम्ही भांडलो नाही. सुताराकडून ह्या वेळी भुसा आणला नाही. त्याच्या रंध्याखाली लाकडाच्या कुरळ्या साली पडतात, त्या आणल्या. धूळ नाही, पोकळ, पाणी शोषणाऱ्या. सुताराने विचारलं, "कोंबड्यांना गुंडाळून ठेवताय की काय?" मी त्याला एकच अट घातली, रंगाचं किंवा औषध मारलेलं लाकूड नको. खाली त्या सालींचा वीतभर थर, वर माझं तूस. रोज सकाळी एकदा काटकीने वरखाली करायचं, ओलं दिसलं तर तेवढंच काढायचं. पहिल्या दिवशी तूस हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी टकली चारही बाजूंना चालली, लंगडत का होईना, आणि मध्येच खाली बसून तिने अंगावर तूस उडवून घेतलं. पंख पसरून, डोळे मिटून. मी ह्यांना हाक मारली. दोघंही दारात उकिडवे बसून बघत राहिलो आणि गॅसवर दूध उतू गेलं.

अंडी मात्र बंद झाली. हलवाहलव झाली की आठवडाभर कोंबड्या अंडी देत नाहीत, हे ह्यांना माहीत होतं. तरी रोज दार उघडलं की त्यांचा हात पुढच्या कोपऱ्यात जायचा. काही नसायचं. हात तसाच परत यायचा.

खरी काळजी वरच्या नाकाची. वरून काही आवाजच येईना. नऊ दिवस बाई गप्प. मी जिन्यात मुद्दाम समोर आले तरी "कशा आहात" एवढंच. हे म्हणाले, "ठरवलं असेल त्यांनी." मी म्हटलं, "वास नाही म्हणून गप्प असतील." ते म्हणाले, "किंवा एकदाच सांगायचं म्हणून." त्या आठवड्यात ते कोंबडीवाल्याच्या गल्लीतून जायचं टाळून लांबच्या रस्त्याने घरी येत होते. त्यांनी मला सांगितलं नव्हतं; त्यांच्या चपलांना लागलेल्या डांबरावरून मी ओळखलं, कारण त्याच रस्त्याचं काम चालू होतं.

एक तारखेला सकाळी नऊ वाजता बाई खाली आल्या. पूर्वी कारखान्यात जायच्या तशाच तयार होऊन आल्या असाव्यात. केस घट्ट बांधलेले, हात साबणाशिवाय नुसत्या पाण्याने धुतलेले. म्हणाल्या, "अंगाला कसला वास असला की दुसरा कळत नाही." मग खुराड्याभोवती एक फेरी मारली. खाली वाकल्या. बाही वर सरकवली, दारातून हात आत घातला आणि अगदी तळापासून मूठभर बिछाना उपसला. नाकाशी धरला. डोळे मिटले. मी बाजूला उभी होते. हे माझ्या मागे.

"लाकूड," बाई म्हणाल्या. "तूस." परत हुंगलं. "आणि थोडी कोंबडी."

"थोडी म्हणजे किती हो?" मी विचारलं.

"कोंबडी असावी तेवढी." त्यांनी मूठ परत आत सोडली, हात झटकले. "राहू देत त्यांना. चार दिवसांपूर्वीच सांगणार होते, पण तारीख ठरली होती."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि एक धपाटाही घालावासा वाटला. एकोणीस वर्षांत माझा पहिला निष्कर्ष, आणि अशा नाकाने पास केलेला! मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं, तर ह्यांचं लक्षच नव्हतं. आत टकली ओरडत होती. हे दाराशी गुडघे टेकून बसले होते आणि त्यांचा हात पुढच्या कोपऱ्यात तूस चाचपत होता. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. काही नाही. मग त्यांनी मान वाकवून आत पाहिलं.

टकलीने मागच्या बाजूला तुसात एक खळगा केला होता. खळग्यात अंडं होतं. ती उठून, नेहमीसारखी ओरडून, दाण्यांकडे निघाली होती, आणि तिचा दुखरा पाय त्याला लागला असावा. ती थांबली. मान तिरकी करून एका डोळ्याने पाहिलं. मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. कापलेल्या चोचीने हळूच टोचून बघितलं. मग चोच अंड्याच्या पलीकडे नेऊन ते स्वतःकडे ओढलं, एकदा, दोनदा, आणि त्याच्यावर बसली.

"अंडं दिलं की तिने," बाई म्हणाल्या. "घ्या ना. गरम आहे तोवर घ्या."

ह्यांचा हात निम्म्यापर्यंत गेला होता. तिथेच थांबला.

"बाई, तिने ते पहिल्यांदा पाहिलं," हे म्हणाले.

"काय पाहिलं?"

"अंडं. दोन वर्षं रोज घालतेय, पण पाहिलं आज. तिकडे पडल्या पडल्या निघून जायचं. ती वळेपर्यंत माझ्या हातात." "मला वाटायचं, कोंबडीला त्याचं काही नसतं. बावीस वर्षं मला तसंच वाटायचं."

ट्रक भरून आल्यावर हे रडले नव्हते, ते आता रडत होते, हात तसाच पुढे आणि टकली त्या हाताकडे बघत, पिसं फुगवून, जागची न हलता. मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात धरून बाहेर घेतला आणि अंडं तिच्याखालीच ठेवून दार लावलं.